लांब केस घरीच कापून आखूड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला आणि सोलापूरचा पारा चाळिशीकडे सरकू लागला, की कमरेपर्यंतची वेणी सांभाळणाऱ्या अनेक जणींच्या मनात केस आखूड करण्याचा विचार येऊ लागतो. पार्लर गाठणे प्रत्येकीला सोयीचे असतेच असे नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस असते, कोणी नुकतीच बाळंत झालेली असते, कोणाला अनोळखी व्यक्तीने केसांना हात लावलेला नको वाटतो, तर कोणाला त्यासाठी पैसे घालवायचे नसतात. अशा सर्वांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. त्यांतील बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे आणि तो सुरुवातीलाच सांगितलेला बरा: हवी असलेली लांबी पहिल्याच बैठकीत गाठू नये. आज थोडे जास्त ठेवून कापावे, केस धुऊन नेहमीसारखे वाळू द्यावेत, दोन दिवस त्या लांबीत वावरून पाहावे आणि मगच उरलेले कापावे.

प्रश्न: घरच्या घरी कोणता कट नीट जमतो आणि कोणता जमत नाही?

सर्व केस एकाच पातळीवर सरळ रेषेत कापणे, म्हणजे पार्लरमध्ये ज्याला ब्लंट कट म्हणतात तो, सावकाश काम करणाऱ्या कोणालाही जमतो. यू कटही अवघड नाही, कारण तोही मुळात सरळ कटच असतो आणि त्यात पाठीवरच्या रेषेच्या दोन्ही कडा किंचित वर घेतलेल्या असतात. स्टेप कट आणि लेअर यांत प्रत्येक बट डोक्यापासून ठराविक कोनात उचलून कापावी लागते, आणि तो कोन डाव्या बाजूला एक व उजव्या बाजूला दुसरा झाला तर केस मोकळे सोडल्यावर फरक लपत नाही. डोक्याला बसणारा पिक्सी किंवा बॉयकट घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केस जितके आखूड, तितकी अर्ध्या सेंटिमीटरची चूकही ठळक दिसते आणि ती सुधारण्यासाठी हाताशी लांबीच उरलेली नसते.

ज्यांनी स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग करून घेतले आहे त्यांनी विशेष विचार करावा. त्यांचे टोकाकडचे केस सरळ असतात, पण मुळाकडून नव्याने आलेले केस मूळच्या वळणाचे असतात. लांबी उतरली की सरळ भागाचा मोठा हिस्सा निघून जातो आणि उरलेले केस अपेक्षेपेक्षा फुगीर दिसू लागतात.

प्रश्न: लांबी किती ठेवावी, हे कसे ठरवावे?

चेहरा गोल आहे की लांबट, यावरून लांबी सुचवणारे तक्ते पुष्कळ सापडतात. माझ्या मते त्यांच्यापेक्षा आपला रोजचा दिवस कसा जातो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सकाळी केस आवरायला किती वेळ मिळतो, काम उन्हात आहे की पंख्याखाली, डोक्यावर हेल्मेट किंवा स्कार्फ असतो का, केस बांधल्याशिवाय स्वयंपाक करता येतो का, या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत.

उन्हाळ्यासाठी केस कापणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मानेपासून खांद्यापर्यंतच्या मधल्या लांबीचे केस धड बांधता येत नाहीत आणि धड मानेपासून दूरही राहत नाहीत. घामाने ते मानेला चिकटतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा त्रास वर बांधलेल्या अंबाड्यापेक्षा जास्त होतो. म्हणून लांबी एकतर मानेच्या वर, म्हणजे हनुवटीच्या आसपास ठेवावी, नाहीतर गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत ठेवावी, जेणेकरून सगळे केस एका रबरात येतील. पहिल्यांदाच केस आखूड करणाऱ्या व्यक्तीला मी दुसरा पर्यायच सुचवेन. ज्या यंत्रमागावर, शिलाई मशिनवर किंवा शेगडीपाशी काम करतात, त्यांच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. चिमट्यातून सुटून पुढे येणाऱ्या बटा फिरत्या यंत्राजवळ धोकादायक ठरतात.

निर्णय घेण्याआधी केस मोकळे सोडून टोके आतल्या बाजूला दुमडावीत, आकड्यांनी मानेपाशी बसवावीत आणि हव्या त्या लांबीवर खोटा कट करून आरशात पाहावे. एक दिवसभर तसेच राहून पाहिल्यास अधिक चांगले.

प्रश्न: केस ओले असताना कापावेत की कोरडे?

सरळ केसांसाठी धुऊन, टॉवेलने टिपून, किंचित ओलसर ठेवलेले केस सोयीचे असतात, कारण ते विस्कटत नाहीत आणि रेषा स्पष्ट दिसते. मात्र ओला केस ताणला तर तो आपल्या लांबीच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो आणि वाळताना पुन्हा आखडतो. ओल्या केसांवर फणी घट्ट ओढून खांद्याच्या रेषेवर कापले, तर वाळल्यावर तीच रेषा खांद्याच्या वर गेलेली आढळते. त्यामुळे ओल्या केसांवर कापायचे असेल तर मापाची खूण आधी कोरड्या केसांवर ठरवावी आणि त्या खुणेच्या खाली किमान दोन बोटे जागा सोडावी. शंका असेल तेव्हा कोरडे कापावे. काम थोडे रटाळ होते, पण जे दिसते तेच उरते.

लांब केसांचे वजनही हिशेबात धरावे लागते. कमरेपर्यंतचे केस स्वतःच्या वजनाने खाली ओढले जातात आणि त्यांतील मूळचे वळण झाकले जाते. ते वजन उतरल्यावर केस वर उचलले जातात. ज्यांना आपले केस अगदी सरळ वाटत होते, त्यांना कापल्यावर लाटा दिसू लागतात, याचे कारण हेच.

प्रश्न: घरात कपड्यांची मोठी कात्री आहे. ती चालेल का?

गणवेश आणि तयार कपडे शिवणाऱ्या या शहरात हा प्रश्न पुष्कळ घरांतून येतो. शिवणकामाची कात्री लांब आणि जड असते आणि तिची रचना टेबलावर पसरलेले कापड कापण्यासाठी केलेली असते. केसांची जुडी तिच्या पात्यांत धरली की केस चटकन कापले न जाता पात्यांच्या टोकाकडे सरकतात आणि रेषा तिरकी होते. स्वयंपाकघरातील किंवा कागदाची कात्री तर वापरूच नये. बोथट पात्याखाली केस चिरडला जातो आणि त्याच्या टोकाला लवकरच फाटे फुटतात.

केस कापण्याची 5.5 ते 6 इंचांची स्टीलची साधी कात्री सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळते. ती फार महाग नसते आणि नीट जपली तर अनेक वर्षे टिकते. तिने धागा, कागद, पाकीट असे काहीही कापू नये, आणि घरातल्या सर्वांना तसे सांगून ठेवावे. कात्री चांगली आहे का हे पाहण्यासाठी गुंतवळीतला एखादा केस सैल धरून कापून पाहावा. तो न वाकता तुटला तर धार बरी आहे.

प्रश्न: आणखी कोणती तयारी करावी?

नळाला पाणी येण्याचा दिवस निवडावा. उजनी धरणाचे पाणी आपल्याकडे काही दिवसांच्या अंतराने येते, आणि केस कापल्यावर डोके, मान, फरशी असे सगळेच धुवावे लागते. साठवणीच्या दोन बादल्यांत ते भागत नाही. बोअरच्या जड पाण्याने धुतलेले केस चरबरीत होऊन एकमेकांत अडकतात, म्हणून कापण्याआधीचे शेवटचे धुणे शक्यतो नळाच्या पाण्याने करावे. आदल्या दिवशी तेल लावू नये. तेलकट केसांच्या जुड्या होतात आणि कात्रीखालून निसटतात.

अंगावर घ्यायला गुळगुळीत कापड हवे. जुनी सिंथेटिक साडी किंवा ओढणी उत्तम. आपल्या सोलापुरी टॉवेलचा इथे उपयोग नाही, कारण त्याच्या फासांत बारीक केस रुतून बसतात आणि पुढचे कित्येक दिवस ते अंग पुसताना टोचत राहतात. चादरीवर बसूनही केस कापू नयेत. मोकळ्या फरशीवर पाठ नसलेले स्टूल ठेवावे. मोठ्या दातांचा एक कंगवा, बारीक दातांचा एक कंगवा, चार-पाच चिमटे, सात-आठ रबरे, पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन आरसे एवढे साहित्य पुरते.

प्रश्न: वेणी घालून ती एकदम कापली तर चालते का?

चित्रांत ते सोपे दिसते, पण मी तसे करू नका असेच सांगेन. वेणीत तीन पेड एकमेकांवरून नागमोडी जात असतात, त्यामुळे कापलेल्या जागी प्रत्येक केसाची लांबी वेगळी येते. शिवाय एक जाड वेणी कात्रीच्या एका मिटीत कधीच कापली जात नाही. पाती जुडीत शिरतात, कर्रकर्र आवाज होतो, मधले केस दबतात आणि कडेचे केस पात्यांच्या बाहेर घसरतात. कापणारीचा हात दुखू लागला की ती कात्री नकळत वर चढवते आणि वेणी सुटून हातात येईपर्यंत रेषा दोन-तीन सेंटिमीटरने वाकडी झालेली असते.

मानेपाशी सगळ्या केसांची एक पोनी बांधून कापण्यातही अडचण आहे. कपाळाकडच्या आणि कानशिलाकडच्या केसांना रबरापर्यंत यायला लांबचे अंतर कापावे लागते, मानेवरच्या केसांना जवळजवळ काहीच नाही. रबर सोडल्यावर पुढचे केस मागच्यांपेक्षा बरेच लांब राहतात. डोक्याच्या वर पोनी बांधून कापली तर याउलट माथ्यावरचे केस सर्वांत आखूड होतात आणि न मागितलेले लेअर पडतात.

त्याऐवजी मधोमध भांग पाडून केसांचे चार भाग करावेत, म्हणजे मागे दोन आणि प्रत्येक कानाच्या पुढे एक. मागच्या दोन भागांच्या पोन्या मानेच्या दोन बाजूंना आणि पुढच्या दोन कानांच्या खाली, अशा त्या आपापल्या जागी सरळ खाली सोडून बांधाव्यात. ठरवलेल्या लांबीच्या खाली दोन ते तीन इंच सोडून प्रत्येक पोनीला दुसरे रबर लावावे आणि त्या रबराच्या लगेच खाली, थोडे थोडे केस पात्यात घेत, कात्री न उचलता पुढे सरकवत कापावे. दुसऱ्या हाताने रबराची जागा घट्ट धरून ठेवावी. या पहिल्या कापणीनंतर केस ओबडधोबड दिसतात, आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. इथे फक्त वजन उतरवलेले असते. कट अजून व्हायचा असतो.

प्रश्न: मग ओबडधोबड केस एका रेषेत कसे आणावेत?

ज्यांचे केस कापायचे आहेत त्यांनी ताठ बसावे, दोन्ही पावले जमिनीवर टेकवावीत आणि पायावर पाय टाकू नये, कारण त्याने एक खांदा खाली जातो आणि कटही तिरका होतो. मोबाईल पाहत बसण्याचीही ही वेळ नाही. मान हलली की रेषा हलते.

केसांचा वरचा भाग उचलून चिमट्यांनी माथ्यावर बांधावा आणि मानेलगतचा सुमारे दोन बोटे रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा. तो बारीक कंगव्याने सरळ खाली विंचरून, पाठीला टेकलेलाच ठेवून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत हलकेच धरावा आणि बोटांच्या खाली मधल्यापासून कडेकडे कापावा. हा पट्टा म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचे माप आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नंतर वरचा आणखी एक पातळ थर सोडावा, इतका पातळ की त्यातून खालची रेषा दिसली पाहिजे, आणि तो त्या रेषेवर कापावा. असे थर सोडत माथ्यापर्यंत जावे. थर जाड घेतला तर खालचे माप दिसत नाही आणि कापणारी व्यक्ती अंदाजाने कापू लागते. घरच्या कटात खोट राहते ती बहुतेक वेळा इथेच. बट अंगापासून उचलू नये, कारण उचलली की लेअर पडतो. कानावरून केस विंचरताना कंगवा सैल धरावा. कानाच्या उंचवट्यावर ताणून कापलेले केस सोडल्यावर वर जातात आणि कानापाशी खाच दिसते.

मागचे झाले की दोन्ही बाजूंच्या पुढच्या बटा समोर घेऊन, हनुवटीखाली एकत्र आणून लांबी जुळवावी. फरक असेल तर लांब बाजू कापावी, पण एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नाही. डावी-उजवी जुळवण्याच्या नादात दोन्ही बाजू आलटूनपालटून कापत राहिल्यास लांबी हातची जाते. तीन वेळा जुळवूनही फरक राहिला तर कात्री खाली ठेवावी आणि केस पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाहावे. शेवटी कात्री उभी धरून, टोकांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिरेल अशा हलक्या कापा दिल्या की रेषेचा कडकपणा कमी होतो.

प्रश्न: मदतीला कोणी नसेल तर मागचे केस स्वतः कापता येतात का?

गळ्याखालच्या हाडाच्या खाली लांबी ठेवायची असेल तर येतात, कारण मागचे केस दोन भागांत पुढे घेता येतात. मात्र पुढे ओढून कापलेल्या केसांची रेषा पाठीवर मधोमध किंचित लांब राहून टोकदार होते. थोडा व्ही आकार चालणार असेल तर हरकत नाही. त्याहून आखूड कटासाठी दुसऱ्या माणसाचे हात हवेतच. दोन आरशांत पाहून मागे कात्री चालवताना दिशांचा गोंधळ होतो आणि सवय नसलेला हात नेमका चुकीच्या दिशेला जातो. मदतीसाठी कसबी व्यक्तीच हवी असे नाही. घाई नसलेली आणि सांगितलेले ऐकणारी हवी.

प्रश्न: केस कुरळे असतील तर?

कोरडेच कापावेत, न विंचरता कापावेत आणि वळणांचा एकेक झुबका हातात घेऊन कापावे. कुरळा केस ओला असताना खांद्यापर्यंत येतो आणि वाळल्यावर हनुवटीपर्यंत चढतो, हे त्या व्यक्तीला स्वतःला चांगले माहीत असते. कापणाऱ्याने तिचे म्हणणे प्रमाण मानावे.

प्रश्न: कपाळावर पुढच्या बटा कापाव्यात का?

त्याच दिवशी नाही. लांबी कमी झाल्याने चेहरा कसा दिसतो याची सवय व्हायला आठवडा तरी लागतो, आणि तोपर्यंत बटा कापण्याची इच्छा बऱ्याचदा मावळते. तरीही कापायच्याच असतील तर आधी कपाळाच्या कडेला भोवरा आहे का ते पाहावे. भोवऱ्यापासून निघणारे केस वर उसळतात आणि आखूड झाल्यावर कशानेही खाली बसत नाहीत. कोरड्या केसांवर, नाकाच्या मध्यापर्यंत लांबी ठेवून सुरुवात करावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाळावरचे केस घामाने चिकटून राहतात, याचाही विचार व्हावा.

प्रश्न: शाळेत जाणाऱ्या मुलीचे केस कापताना काय पाहावे?

बऱ्याच शाळांत दोन वेण्या आणि रिबिनी हा नियम असतो, म्हणून केस एकतर वेणी घालता येईल इतके लांब ठेवावेत किंवा कॉलरला न लागणारे असे आखूड करावेत. मधली लांबी सकाळी आईला आणि मुलीला दोघींनाही त्रासाची होते. कट सुट्टीच्या सुरुवातीला केला तर शाळा उघडेपर्यंत तो बसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलीला विचारावे आणि ती नाही म्हणाली तर थांबावे. झोपेत किंवा शिक्षा म्हणून मुलीचे केस कापल्याच्या घटना कानावर येतात. त्यांचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

उवा झाल्या म्हणून केस कापणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की लिखा टाळूच्या अगदी जवळ केसांना चिकटलेल्या असतात. खालची लांबी कापून त्या जात नाहीत. केस आखूड झाल्याने फणी फिरवणे आणि औषध लावणे सोपे होते, इतकाच फायदा.

प्रश्न: केस कापल्याने ते दाट होतात, लवकर वाढतात किंवा गळायचे थांबतात का?

नाही. केस टाळूच्या आत असलेल्या मुळापाशी वाढतो, आणि बाहेरचे टोक कापले गेल्याची त्या मुळाला काहीही जाणीव होत नाही. वाढ महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटिमीटर इतकी असते. कापल्यावर केस दाट वाटतात, कारण विरळ झालेली टोके निघून जातात आणि खालची कड भरीव दिसते. दिवसाला 50 ते 100 केस गळणे नैसर्गिक आहे. लांब केस गळाले की फणीत मोठा गुंता दिसतो, आखूड गळाले की तितकेच केस कमी वाटतात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुधा आपोआप थांबते. ती लांबलीच तर कात्रीऐवजी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न: घरातील ज्येष्ठांना बाईने केस कापणे अशुभ वाटते. त्यांना काय सांगावे?

त्यांच्या मनातील भीती कोठून आली आहे हे समजून घेऊन बोलावे. महाराष्ट्रातील काही समाजांत विधवेचे सक्तीने केशवपन केले जात असे, आणि त्यामुळे बाईच्या केसांना कात्री लागणे म्हणजे तिच्यावर संकट आले, ही सांगड पिढ्यान्‌पिढ्या मनात बसली. या प्रथेविरुद्ध 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी संप केला आणि विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ज्या कृतीत सक्ती होती ती वाईट होती. स्वतःच्या इच्छेने, सोयीसाठी लांबी कमी करण्याशी तिचा संबंध नाही, हे आजींना किंवा सासूबाईंना शांतपणे सांगितले तर बहुतेक जणी ऐकून घेतात. वार, एकादशी किंवा अमावास्या पाळण्याचा त्यांचा आग्रह असेल तर दिवस बदलायला काहीच लागत नाही. निर्णय मात्र जिचे केस आहेत तिचाच असावा.

प्रश्न: केसांत जट झाली असेल तर तीही घरी कापता येईल का?

आपल्या भागात जटेचा संबंध यल्लमा देवीशी जोडला जातो आणि ती कापली तर कोप होतो या भीतीने बायका वर्षानुवर्षे तिचे ओझे वाहतात. जट होते ती केस न विंचरल्याने, न धुतल्याने आणि तेल, घाम व धूळ साचून केस एकमेकांत घट्ट अडकल्याने. तिच्या वजनाने मान दुखते, टाळूला खाज सुटते, जखमा होतात. लहान आणि नवी जट तेल लावून, बोटांनी सोडवत, कडेकडून थोडी थोडी कापून काढता येते. जुनी, टाळूला चिकटलेली जट घरी कापू नये, कारण ती टाळूला कोठे सुटी आहे ते दिसत नाही आणि कात्री कातडीला लागू शकते. 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम समुपदेशनासह करतात. कापण्याइतकेच ते बोलणे आवश्यक असते.

प्रश्न: केमोथेरपी सुरू होणार आहे. आधीच केस आखूड करावेत का?

डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने केस जाणार असतील तर आधी आखूड करणे पुष्कळांना सोपे जाते. अशा औषधांत केस बहुधा पहिल्या मात्रेनंतर दोन ते तीन आठवड्यांनी गळू लागतात, आणि हातभर लांब केस उशीवर सापडण्यापेक्षा आखूड केसांची गळती मनाला कमी लागते. हे काम घरातल्या जवळच्या माणसाने, रुग्णाची तयारी असेल तेव्हाच करावे. पूर्ण काढायचे असतील तर वस्तरा वापरू नये. उपचारांच्या काळात लहानशी जखमही चिघळू शकते, म्हणून ट्रिमर बरा.

प्रश्न: कापलेल्या केसांचे काय करावे?

लांब केस टाकून देऊ नयेत. कर्करुग्णांसाठी विग बनवायला केस घेणाऱ्या संस्था साधारणपणे किमान 12 इंच लांबी मागतात. केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे असावेत आणि दोन्ही टोकांना रबर लावलेले असावेत. रंगवलेले केस चालतात का, हे कापण्याआधीच विचारून घ्यावे. दानासाठी कापताना वर सांगितलेल्या चार पोन्यांची पद्धत आणखी उपयोगी पडते, कारण एका जाड पोनीपेक्षा तिच्यात प्रत्येक केसाची जास्त लांबी हाती येते. रबर सुटून केस मिसळले की मुळे आणि टोके उलटसुलट होतात आणि त्यांचा उपयोग कमी होतो.

सोलापूरच्या पूर्वभागातील अनेक तेलुगू कुटुंबांत तिरुपतीला केस देण्याचा नवस असतो. तो असेल तर घरी कात्री लावण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्यावे. स्वतःच्या केसांचे गंगावनही करून घेता येते. लग्नकार्यात खोपा घालायची हौस असलेल्यांना ते जवळचे वाटते. दारावर केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बायका येतात, त्यांना गुंतवळ द्यावी, पण एका दिशेने बांधलेली लांब पोनी गुंतवळीच्या भावात देऊ नये. तिची किंमत निराळी असते. उरलेले बारीक केस मोरीत वाहू देऊ नयेत, नाहीतर जाळी तुंबते. कोरडे असतानाच झाडून कागदात गुंडाळावेत.

प्रश्न: कट बिघडला तर?

त्याच रात्री तो सुधारायला बसू नये. धुऊन वाळलेल्या केसांवर दुसऱ्या दिवशी उजेडात पाहावे. निम्म्याहून अधिक वेळा जी वाकडी रेषा वाटली होती ती भांगाची जागा किंचित सरकल्याने दिसत असते. खरोखर चूक असेल तर पार्लरमध्ये जाऊन घरी कापले आहे असे सरळ सांगावे. सुरुवातीला दोन-तीन इंच जास्त ठेवण्याचा आग्रह याचसाठी आहे, कारण कसबी हातांना काम करायला तेवढी जागा लागते.

प्रश्न: नंतरची निगा कशी राखावी?

शांपू आणि तेल दोन्ही निम्म्याहून कमी लागतात, हे पहिल्या धुण्यातच कळते. केस लवकर वाळतात, म्हणून सकाळी धुऊनही वेळेवर बाहेर पडता येते. आजवर वेणीखाली झाकलेली मानेची त्वचा आता थेट उन्हात येते आणि आपल्याकडच्या उन्हात ती पहिल्याच आठवड्यात भाजू शकते. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ मानेवरूनही घ्यावा किंवा मानेला सनस्क्रीन लावावे. सरळ कटाची रेषा दोन ते तीन महिने नीट राहते. त्यानंतर टोके थोडी सरळ करून घ्यावीत, आणि पुन्हा लांब वाढवायचे ठरले असेल तर तीन-चार महिन्यांतून एकदा अर्धा सेंटिमीटर छाटणे पुरेसे आहे.